सवलत कोणाच्या पिशवीला?

17 फेब्रुवारी 2014 रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला. निवडणूक तोंडावर होती. त्या दिवशी सेवाकरातून दोन साठवणुकी सुटल्या. एक तांदळाची, दुसरी नाळेतल्या रक्ताची. तांदूळ चढवणं-उतरवणं, भरणं, गोदामात ठेवणं करमुक्त झालं. बाळाच्या नाळेतल्या मूलपेशी गोठवून ठेवणाऱ्या कॉर्ड ब्लड बँकांची सेवाही करमुक्त झाली. त्याच दिवशी अधिसूचना निघाली आणि दोन्ही नोंदी एकाच यादीत जाऊन बसल्या.

तांदळाचं कळतं. गोदामातलं पोतं कोणाच्या ताटात जाणार हे ठरलेलं नसतं. खासगी कॉर्ड ब्लड बँकेतल्या रक्ताच्या पिशवीचं तसं नाही. तिच्यावर पहिल्या दिवसापासून नाव असतं. पैसे भरणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर ती जात नाही. शेजारच्या गल्लीतल्या आजारी पोराला ती तंतोतंत जुळत असली, तरी त्याचा तिच्यावर हक्क नाही. सरकारनं मात्र दोन्ही साठवणुकींना एकच माप लावलं.

करमाफी म्हणजे अनुदान नव्हे, असं कोणी म्हणेल. अर्थसंकल्पाच्या रकान्यांत नसेलही. पण तिजोरीतून पैसा काढून देणं आणि तिजोरीत येणारा पैसा वाटेतच सोडणं, यात करदात्यानं फरक कोणता मानायचा? 2017 मध्ये जीएसटी आला. कितीतरी जुन्या सवलतींची तेव्हा झाडाझडती झाली. ही नोंद नव्या यादीत सुखरूप पोहोचली. 2022च्या जुलैपर्यंत ती टिकली. आठ वर्षांहून अधिक काळ सरकार नाळेतल्या रक्तावर पैसा सोडत होतं. कोणत्या पिशवीसाठी, हे एकदाही विचारलं गेलं नाही.

विचारायला हवं होतं. कारण पिशव्या दोन प्रकारच्या असतात.

पहिली पिशवी निरोगी घरातल्या निरोगी बाळाची. पुढे कधी काळी त्याच बाळाला उपयोगी पडेल म्हणून ठेवलेली. शहरांतल्या प्रसूतिगृहांत हीच विकली जाते. सातव्या महिन्यात पॅकेजचं माहितीपत्रक हातात पडतं. पंचाहत्तर वर्षांच्या साठवणुकीच्या योजना आहेत, हप्त्यांची सोय आहे. ‘जैविक विमा’ हा शब्द सगळीकडे आहे. आता नाही घेतलं तर पुन्हा संधी नाही, ही धास्ती त्याच्या सोबतीला. पहिलटकरणीच्या घरात या धास्तीपुढे कोणाचं काही चालत नाही.

या पिशवीबद्दल सरकारच्याच संस्थेचं मत काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतलं रक्त जपून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये तेच सांगितलं. वयाच्या पहिल्या वीस वर्षांत स्वतःचंच रक्त कामी येण्याची शक्यता तिनं मांडली ती अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक अशी.

कारण समजायला डॉक्टर असावं लागत नाही. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार जन्मतः येतो. ज्या जनुकदोषानं मूल आजारी आहे, तोच दोष त्याच्या नाळेतल्या रक्तातही असतो. तेच रक्त परत देऊन आजार कसा जाईल? लहानपणच्या रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर मुलाचं स्वतःचं साठवलेलं रक्त सहसा टाळतात, कारण बिघाडाची बीजं त्यात आधीच असू शकतात. शिवाय एका नाळेतून निघणारं रक्त जेमतेम वाटीभर. उणे 196 अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते नीट राहतं, पण वाढत नाही. मोठ्या माणसाच्या वजनाला ते बहुधा अपुरंच पडतं.

आता दुसरी पिशवी. घरात थोरलं मूल अशा आजाराचं आहे, जो मूलपेशींच्या प्रत्यारोपणानं बरा होऊ शकतो. आई पुन्हा गरोदर आहे. अशा वेळी धाकट्याच्या नाळेतलं रक्त थोरल्यासाठी राखून ठेवावं, असं तीच 2017ची तत्त्वं सांगतात. खासगी साठवणुकीला त्यांनी उघडलेलं दार हेच.

हा अपवाद नंतर सुचलेला नाही. या उपचाराचा जन्मच तिथला. 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलिआन ग्लुकमन यांच्या चमूनं नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण होता फँकोनी ॲनिमिया झालेला मुलगा. रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं. पहिल्या यशात स्वतःसाठी साठवलेलं काहीच नव्हतं. बहिणीचं भावाला गेलं होतं.

म्हणजे सरकारपुढे दोन पिशव्या होत्या. एक निराधार, एक साधार. करमाफीच्या यादीत दोघींसाठी एकच ओळ होती. आणि ज्या वस्तूची विक्री जास्त तिलाच सरसकट सवलतीचा लाभ जास्त, हा बाजाराचा साधा नियम आहे. बहुतेक गिऱ्हाईक निरोगी घरांतलं. त्यामुळे सवलतीचा ओघ गेला तो ज्या साठवणुकीला सरकारी तज्ज्ञ निराधार म्हणतात तिच्याकडे. ज्या घराला ते ‘ठेवा’ म्हणतात, ते घर रांगेत कुठे होतं?

ते घर बोरीत आहे असं धरू. जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव. ग्रामीण रुग्णालय आहे. आशाताई आहेत. समजा, थोरलं पोर पाच वर्षांचं, थॅलेसेमियाचं. दर दोन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. त्यासाठी परभणी गाठायची. दिवसाची मजुरी बुडते. रक्त मात्र मोफत मिळतं. तेवढं सरकारनं केलं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्ही आजारांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, तेही झालं. आईला पुन्हा दिवस गेले आहेत. तज्ज्ञांचा सल्ला अशाच आईसाठी लिहिलेला आहे.

तो सल्ला तिच्यापर्यंत कोण पोहोचवणार? माहितीपत्रक बोरीला येत नाही. विक्रेत्याचे पाय जिथे पैसा आहे तिथे वळतात, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सरकारी माणूस तर बोरीत आहे. गरोदर मातेची नोंद होते. तिचं वजन होतं, हिमोग्लोबिन तपासलं जातं, लोहाच्या गोळ्या मिळतात. थोरल्या पोराला रक्त चढतं, ही गोष्ट आशाताईंना कार्ड न उघडता ठाऊक असते. त्या माहितीचं पुढे काय होतं?

समजा, सल्ला पोहोचला. मग पिशवी कोण आणणार? नाळ कापल्यावर काही मिनिटांत रक्त काढावं लागतं. त्याला निर्जंतुक संच लागतो, शिकलेला हात लागतो. पिशवी परवानाधारक प्रयोगशाळेत साधारण तीन दिवसांच्या आत पोहोचावी लागते. वाटेत तिला फार ऊन लागून चालत नाही, बर्फही चालत नाही. औषध नियमांत यासाठी स्वतंत्र भाग आहे, परवान्याची तरतूद आहे. नियम करताना सरकारनं पिशवीच्या तापमानापर्यंत विचार केला. पैसे कोण भरणार, एवढंच राहिलं.

आणि समजा, त्या घरानं गहाणवट करून पैसे उभे केले. तर त्यावर आज कर लागतो. जून 2022 मध्ये चंदीगडला जीएसटी परिषदेची 47वी बैठक झाली. काही सवलती काढून घ्यायचं ठरलं. त्यांत कॉर्ड ब्लड बँकांची सवलत गेली. 18 जुलैपासून 18 टक्के कर सुरू झाला. चैनीच्या साठवणुकीला करमाफी कशाला, असा विचार असेल तर तो चुकीचा नव्हता. पण सवलत देताना जसा भेद केला नाही, तसा काढतानाही केला नाही. पॅकेज साठ हजारांचं धरलं तर कर होतो दहा हजार आठशे. पुण्यातल्या निरोगी बाळाच्या घराला तेवढाच. बोरीतल्या थॅलेसेमियाच्या पोराच्या घरालाही तेवढाच.

या विषयावर देशात वाद झाला नाही असं नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 2025 मध्ये गुजरातमधल्या स्टेमसाइट इंडिया या कंपनीच्या प्रकरणात निकाल लागला. 2012 ते 2014 या काळातही ही सेवा आरोग्यसेवाच होती, म्हणून सेवाकर लागत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. प्रश्न कराचा होता, न्यायालयानं कराचं उत्तर दिलं. पण दहा-बारा वर्षं कर विभाग भांडला, कंपनी भांडली, वकील भांडले, ते ही सेवा आरोग्यसेवा आहे की नाही यावर. कोणाच्या आरोग्याची, हा प्रश्न कोणाच्याच अर्जात नव्हता. तो न्यायालयानं विचारायचा नसतोच. तो धोरण ठरवणाऱ्यांनी विचारायचा असतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. आता अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपणही होतं. आई किंवा वडील दाते होऊ शकतात. भावंड थोडं मोठं झालं की त्याची मज्जा काढता येते. मग नाळेतल्या रक्तासाठी एवढा आटापिटा कशाला? शिवाय धाकट्याचं रक्त उपयोगी पडेलच याची खात्री नाही. थॅलेसेमियाचं वहन करणाऱ्या जोडप्याचं मूल त्या आजाराशिवाय जन्मण्याची शक्यता चारात तीन. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची चारात एक. दोन्ही गोष्टी जमून येण्याची शक्यता सोळात तीन. काही वेळा पिशवीत पेशी कमी भरतात. मग नंतर मज्जाही घ्यावी लागते.

सगळं खरं. पण सोळात तीन हा आकडा अडीच हजारांत एक या आकड्याशेजारी ठेवून पाहा. सवलत मिळाली ती कोणत्या आकड्याला? आणि जुळणारं रक्त जन्माच्या दिवशी हाती येत असेल, बाळाला सुई न टोचता, भूल न देता, तर ते वारेबरोबर खड्ड्यात का पुरायचं? प्रत्यारोपणासाठी पैसा उभा करायला सरकार तयार आहे. कोल इंडियाच्या बालसेवा योजनेतून 2017 पासून थॅलेसेमियाच्या मुलांना प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. महाराष्ट्रानं 2025 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेत महागड्या उपचारांसाठी वेगळ्या निधीचा निर्णय घेतला, त्यात मज्जा प्रत्यारोपण आहे. लाखांचा उपचार सरकारच्या हिशेबात बसतो. त्याच्या तयारीतले काही हजार मात्र आईबापांनी बघायचे.

दुसऱ्या टोकाचाही आग्रह आहे. सरकारनं प्रत्येक विभागात सार्वजनिक कॉर्ड ब्लड बँक काढावी, दान घ्यावं, परक्याला द्यावं. कल्पना उदात्त आहे. चेन्नईच्या ‘जीवन’ संस्थेनं 2008 पासून त्या वाटेनं जाऊन पाहिलं. अमेरिकेनं 2005 मध्ये कायदा करून दीड लाख पिशव्यांचा राष्ट्रीय साठा करायचं ठरवलं, संघीय पैसा ओतला. पण परक्या माणसाची जुळणारी पिशवी सापडायला हजारो पिशव्या आधी भराव्या लागतात, तपासाव्या लागतात, वर्षानुवर्षं गोठवून ठेवाव्या लागतात. त्यातल्या थोड्याच कामी येतात. दरम्यान अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणानं या साठ्याची गरज जगभर कमी केली. ज्या जिल्ह्यात साध्या रक्तासाठी उन्हाळ्यात शिबिरं भरवावी लागतात, तिथे अशा बँकेची कोनशिला बसवणं सोपं, नायट्रोजनचं बिल भरत राहणं अवघड. परभणीनं ही मागणी करू नये. पुढाऱ्यानं अशी बँक देऊ केली तरी घेऊ नये.

मागायचं ते लहान आहे. आजारी भावंडासाठी राखून ठेवायची पिशवी सरकारनं आपल्या खर्चात घ्यावी. तिच्यासाठी नवी योजना नको, नवं नाव नको, उद्घाटन नको. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, औषधं मोफत, तपासण्या मोफत, गाडी मोफत, गरज पडली तर रक्तही मोफत. त्या यादीत एक ओळ वाढवायची. घरातल्या थोरल्या मुलाला प्रत्यारोपणानं बरा होणारा रक्ताचा आजार असल्याचं तज्ज्ञानं लिहून दिलं, तर नाळेतलं रक्त काढणं, नेणं, जुळणी तपासणं आणि जुळलं तर ठेवणं मोफत. जुळलं नाही तर पिशवी तिथेच थांबेल, वर्षानुवर्षांचा खर्चही थांबेल. काम परवानाधारक बँकांकडून ठरावीक दरानं करून घ्यावं, जसं फुले योजनेत खासगी रुग्णालयांकडून करून घेतलं जातं. आणि ज्या घरानं स्वतःच्या पैशानं अशी पिशवी ठेवली, त्याच्याकडून कर घेऊ नये. निरोगी बाळाच्या पिशवीवर खुशाल घ्यावा. ज्याला हौस आहे त्यानं ठेवावी, करासकट ठेवावी.

एक अट यासोबत हवी. पिशवी भरण्याच्या घाईत बाळाचं स्वतःचं रक्त अडवायचं नाही. नाळ एका मिनिटाच्या आत कापू नये, एक ते तीन मिनिटांनी कापावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अवधीत वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह सोबत आणतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 53.8 होतं. ज्या राज्यात आकडा असा चढतो, तिथे निरोगी बाळाच्या नाळेतल्या रक्ताची पहिली जागा बाळाच्या अंगात आहे, टाकीत नाही. आजारी भावंडासाठी रक्त घ्यायचं तेव्हाही डॉक्टरांनी या मिनिटाचा हिशेब आईबापांना आधी सांगावा. उरलं तेवढंच पिशवीत जाईल, हे त्यांना कळलेलं असावं.

खर्च किती येईल, असं मंत्रालयातून विचारलं जाईल. फाइल परत पाठवायला हा प्रश्न नेहमी पुरतो. उत्तर शोधायला समिती लागत नाही. ज्या घरांत थोरलं मूल नेमानं रक्त घेतं, त्यांची नावं सरकारी रक्तपेढ्यांच्या नोंदवह्यांत आहेत, कारण मोफत रक्त नोंदीशिवाय मिळत नाही. गरोदर मातांची नावं आरोग्य केंद्रांच्या नोंदींत आहेत. दोन्ही नोंदी सरकारच्याच आहेत. त्या समोरासमोर ठेवल्या की जिल्ह्यात अशी घरं किती, ते एका बैठकीत कळेल. आकडा छोटाच निघेल. निरोगी घरांच्या साठवणुकीवर आठ वर्षं कर सोडताना ज्यांनी आकडा मागितला नाही, त्यांनी या छोट्या आकड्याला मोठा खर्च म्हणू नये. परभणीच्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी ही मोजणी या महिन्यात करावी आणि यादी मुंबईला पाठवावी. तेवढ्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.